पानमळ्याच्या कडेचं पाणी

रेवा, ओजस,

परवा व्हिडिओ कॉलवर ओजस म्हणाला, "आजी, बोलताना तू सारखी खिडकीबाहेर का बघतेस? कुणी येणार आहे का?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं म्हणजे मी डीपीकडे बघत होते. लाईट यायची वेळ झाली होती, आणि हल्ली त्या वेळेला माझं दुसऱ्या कशात लक्ष लागत नाही. चैत्र पुन्हा आला आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत इथे जे झालं ते तुमच्यापर्यंत "गावाकडे डीपी जळाली, पाण्याचे हाल आहेत" एवढंच पोचलं असणार. ते खोटं नाही, पण तेवढंच नाही. म्हणून आज कामं आटोपून, टेबल पुसून लिहायला बसले आहे. सवयीप्रमाणे आधी मनात मुद्दे काढले होते. पण ते दिवस मुद्द्यांत बसायला तयार नाहीत, तेव्हा जसं आठवेल तसं लिहिते. तुम्ही समजून घ्या.

डीपी म्हणजे शेतात दोन खांबांवर बसवलेला करड्या रंगाचा लोखंडी डबा. तुमच्या भाषेत ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पोटात तेल असतं, आणि आजूबाजूच्या पंधरावीस विहिरींच्या मोटारी त्याच्यावर चालतात. आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून तो अगदी समोर दिसतो. शेतीची लाईट दिवसभर नसते. एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री, तीही काही तास, आणि सांगितलेल्या वेळेला येईलच असं नाही. आली की डबा घुमायला लागतो. मोटारी बेतानं चालल्या असतील तर ते घुमणं भुंग्यासारखं असतं, कानाला गोडच वाटतं. भार वाढला की खिडकीच्या काचेला हात लावला तरी कळतं. या वर्षी मी काचेला हात लावून बघते. तुमचे आजोबा म्हणतात, "ताप आलाय का गं त्याला?"

गेल्या वर्षीचा चैत्र आठवला की आधी वास येतो. आमच्या या पट्ट्यात, मिरजेच्या पूर्वेला, तेव्हा बेदाण्याची शेडं भरलेली असतात. सुकणाऱ्या द्राक्षांचा आंबटगोड वास आणि त्यात मिसळलेली गंधकाची धुरी. वारा फिरला की ती घरात शिरते आणि घसा खवखवतो. शाळू निघून रानं मोकळी झालेली, कडब्याच्या गंजी रचलेल्या, मोकळ्या रानातून धुळीचे भोवरे उठायचे आणि बांधापाशी येऊन विरायचे. दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवायचं. आणि या सगळ्या फुफाट्यात, आमच्या बांधाला लागून, रस्त्याच्या कडेला शांताक्कांचा पानमळा, हिरवागार.

शांताक्का आमच्या शेजारीण. वयानं माझ्याहून लहान, पण सारं गाव अक्का म्हणतं म्हणून मीही म्हणते. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याकडे नोकरीला, घरी त्या आणि सून. विड्याच्या पानांचा हा मळा त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला. शेवग्याच्या आणि शेवरीच्या उंच सडसडीत खोडांवर वेल चढवलेले, एकाला एक लागून ओळी, वाऱ्यापासून जपायला चहूबाजूंनी काटक्यांचं कुंपण, म्हणजे कूड. आत शिरलं की उन्हाचा रंगच बदलतो. रेवा, तू लहान असताना आत जाऊन म्हणाली होतीस, "आजी, इथं फ्रीज लावलाय का?" शांताक्का अजून ते लोकांना सांगतात.

पानमळ्यात चप्पल घालून जायचं नसतं. देवळाबाहेर काढतो तशी कुडाबाहेर काढायची. पाहुणा असो, पानांचा व्यापारी असो, साहेब असो, बुटाच्या नाड्या सोडल्याशिवाय आत पाऊल नाही. हे कुणाला सांगावं लागत नाही. इथल्या पोरांना ते चालायला लागल्यापासून माहीत असतं. आणि पानवेलीचं दुसरं असं की ती तहान सोसत नाही. ऊस दोनतीन आठवडे मान टाकून उभा राहतो, पाणी मिळालं की पुन्हा वर बघतो. द्राक्षवेलही तग धरते. पानवेलीला मात्र चैत्रात दोनतीन दिवसांआड पाणी हवंच. आधी शेंड्याची पानं मऊ पडतात, मग सारा वेल पिवळा होतो, आणि एकदा मळा गेला की पुन्हा उभा करण्यात वर्षं जातात. शांताक्कांच्या घरात दर आठवड्याला येणारं जे काही होतं ते या पानांतून. सुनेच्या हाताला दुसरं काम नव्हतं आणि त्यांना स्वतःला दुसरं काही येत नव्हतं, असं त्याच म्हणतात.

मी इथे कायमची राहायला आले तेव्हा लाईट येणं हा एक तमाशा असायचा. डबा घुमला की कुणीतरी आरोळी ठोकायचं, "लाईट आली रं!" मग प्रत्येकजण आपापल्या चालीनं निघायचा. एकाचा चहा अर्धा राहिलेला, तो बशीत ओतून फुंकून पिऊनच उठणार. एकाची मोटरसायकल किक घेत नाही. एक पारावर निवडणुकीच्या गप्पांत रंगलेला: "जातो की गड्या, मोटर काय पळून चाललीया व्हय?" एकाला स्टार्टरच्या पेटीची किल्ली सापडत नाही, तो बायकोवर खेकसतोय, आणि किल्ली त्याच्याच करदोट्याला. शांताक्का तर वाटेत दोन ठिकाणी बोलत उभ्या राहणार. अशा रीतीनं तासाभरात, कधी इकडून कधी तिकडून, एकेक मोटर सुरू व्हायची. साताऱ्याच्या कॉलेजात आयुष्यभर घंटेवर शिकवलेल्या मला या अजागळपणाचा वैताग यायचा. वीज इतकी थोडी, आणि हे लोक चहा फुंकत बसतात!

मग ऑटो आले. ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडायची लहानशी पेटी. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते, माणसानं जावं लागत नाही. रात्रीच्या आठवड्यात अंधारात बांधावरून जाणं म्हणजे जिवाशी खेळ. आमच्या गावात साप चावून माणूस गेलेला आहे. तेव्हा ऑटो घेणाऱ्या एकाही माणसाला मी नावं ठेवणार नाही. एकानं बसवला, त्याची बायको शेजारणीला म्हणाली, आता हे रात्री घरात असतात. शेजारीण नवऱ्याला म्हणाली. आणि वर्षभरात बहुतेक पेट्यांना ऑटो लागले. शांताक्कांनी तेवढा बसवला नाही.

"आवं अक्का, तुमची मोटर तुमच्यासारखीच, हाक मारल्याबिगर उठत न्हाई," पलीकडच्या मळ्यातला महादू त्यांना चिडवायचा.

"व्हय रं," शांताक्का म्हणायच्या, "तुज्या मोटरीवानी न बोलवता पंगतीत जाऊन बसत न्हाई ती."

आता यातली गोम अशी, की मोटर सुरू होताना पहिल्या काही क्षणांत एरवीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. मग निवांत चालते. एकेक करून सुरू झाल्या तर डीपीला ते पेलतं. ऑटो लागल्यापासून लाईट यायची आणि त्याच क्षणी सगळ्या मोटारी एकदम उठायच्या. डबा कण्हायचा, फ्यूज उडायचा, वायरमन यायचा, फ्यूज बांधायचा, पुन्हा उडायचा. खंडाळ्याला माझी धाकटी बहीण दिली आहे, ती फोनवर म्हणाली, "अगं, आमच्याकडेही हेच." आष्ट्याचे पाहुणे आले, तेही तेच सांगत होते. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण सगळीकडे तेच.

मला तेव्हा परीक्षेचा हॉल आठवायचा. मार्च महिना, पंखे गरगरताहेत, मुली मान खाली घालून लिहिताहेत. पहिला तास उलटायच्या आत एखादी मुलगी उठून म्हणायची, "मॅडम, पुरवणी." एवढंच. तिचं अक्षर मोठं असेल, नाहीतर तिनं पहिला प्रश्न खोडून पुन्हा लिहिला असेल. पण त्या एका आवाजानं सगळा हॉल अस्वस्थ व्हायचा. ज्यांची निम्मी उत्तरपत्रिका कोरी आहे त्यासुद्धा पानं चाळायला लागायच्या, आणि बघता बघता हात वर, पुरवणी, पुरवणी. कित्येक पुरवण्या कोऱ्याच परत यायच्या. मी त्या गोळा करताना रागवायची. कुणावर रागवत होते कुणास ठाऊक. त्या पहिल्या मुलीनं काही चूक केली नव्हती, आणि बाकीच्यांनीही नाही.

फ्यूजला कंटाळून गाव डीपीपाशी जमलं. तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ, ज्यांना तुम्ही सुभेदार आजोबा म्हणता, ते फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी खांबापाशी उभं राहून हुकूम सोडला. "सब ऑटो बंद! लाईट आली की आपापल्या पेटीपाशी हजर व्हायचं. एक के बाद एक. आपल्या आधी कोण, एवढं ध्यानात ठेवायचं. त्याची मोटर चालू झाल्याशिवाय आपलं बटन दाबायचं नाही. डिसिप्लिन म्हणजे डिसिप्लिन!"

"आन् आदल्याची मोटर चालू झाली हे कसं कळायचं?" कुणीतरी विचारलं.

"कान आहेत ना? आवाज येतोय की!"

मला ती योजना फार आवडली. इतकी साधी, इतकी नीटनेटकी. पहिला नंबर महादूचा, कारण त्याची विहीर सगळ्यांत वरची. शांताक्का शेवटून दुसऱ्या. निघताना त्या मला म्हणाल्या, "वैनी, एवढी माणसं एका टायमाला कवा जागेवर असत्यात व्हय?"

ती सकाळ मी विसरणार नाही. दिवसाचा आठवडा होता. डबा घुमला, आरोळी उठली, आणि पहिल्यांदाच गावानं चहा टाकला. माणसं पळत आपापल्या पेटीपाशी गेली. मी गच्चीवर होते. चारी दिशांना विहिरींच्या कडेला माणसं उभी, पेटीचं झाकण उघडून, बोट बटनावर ठेवून, कान लावून. एवढी शांतता लाईट आल्यावर कधी ऐकली नव्हती. महादूची मोटर सुरू होईना. महादू होता कुंडलला, मेव्हण्याच्या लग्नात. रात्रीच गेला होता आणि कुणाला सांगायचं त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याचा फोन लागत नव्हता. दुसरा नंबर थांबला, म्हणून तिसरा थांबला, म्हणून सगळेच. मिनिटं जात होती, वीज वाया जात होती, ऊन चढत होतं. आणि मग कुठूनतरी एक मोटर घुरघुरली. कुणाची ते अजून कुणाला माहीत नाही. त्या आवाजासरशी प्रत्येकाला वाटलं, माझी पाळी आली, नाहीतर माझी पाळी गेली. मी वरून पाहिलं, सगळ्यांचे खांदे एकदम हलले.

आधी फक्त यंत्रं एकदम उठायची. त्या दिवशी माणसंही उठली. डबा असा ओरडला की आमच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं ताणलं. खांबावरून ठिणग्या, मग काळा धूर, आणि तापलेलं तेल खालच्या गवतावर ठिबकायला लागलं. तो जळक्या तेलाचा वास पुढे कितीतरी दिवस घराच्या पडद्यांत राहिला. मी ते दोनदा धुतले.

नवी डीपी लगेच मिळणार नव्हती. त्या आठवड्यात सगळीकडेच डीप्या जळालेल्या, आमचा नंबर मागे. डिझेलचं इंजिन भाड्यानं मिळेना, तीही सगळी कुणाकुणाच्या विहिरीवर लागलेली. उसाची माणसं हळहळली, द्राक्षाची माणसं चिडली, पण त्यांना थोडा अवधी होता. शांताक्कांना नव्हता. त्यांच्या विहिरीत पाणी होतं, खाली काळंभोर चमकत होतं, आणि वर वेल मऊ पडत चालले होते. त्या आणि सून दोघी दोरबादलीनं पाणी ओढायला लागल्या. मीही जायची. माझ्या हाताला किती येणार? बादली वर येईस्तोवर निम्मी सांडलेली.

मग एक गोष्ट सुरू झाली. कुणी सुरू केली हेही माहीत नाही. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला डेअरीवर जातात, मोटरसायकलला किटल्या अडकवून. येताना किटल्या रिकाम्या असतात. डेअरीवर हौद आहे, त्याचं पाणी गावच्या योजनेचं, दुसऱ्या लाईनीवरचं. कुणीतरी येताना किटली हौदात बुडवून भरली आणि पानमळ्यापाशी गाडी थांबवून कुडावरून आत ओतली. त्याच्या मागच्यानं पाहिलं असेल, त्यानंही ओतली. दोन दिवसांत ती रीतच पडली. गाडी थांबायची, इंजिन चालूच असायचं, पायात बूट, तापलेली जमीन, घरी म्हशी वाट बघताहेत. माणूस कुडावरून किटली उपडी करायचा, दुधाचा वास असलेलं ते पाणी पहिल्या ओळींच्या बुडात पडायचं, आणि गाडी पुढे जायची. त्या दिवसांत मला माणसांचा इतका अभिमान वाटला, की रात्री तुमच्या बाबांना फोन करून सगळं रंगवून सांगितलं.

पण मला सगळं गच्चीवरून दिसायचं. आणि एके सकाळी वेगळंच दिसलं. रस्त्याकडच्या ओळी गर्द हिरव्या, त्यांच्या बुडात चिखल. आणि त्यांच्यामागे मळा पिवळा पडत निघालेला, मध्यात तर जास्तच. प्रत्येकजण आपली एक किटली टाकून जात होता आणि मनात म्हणत होता, मळ्याला पाणी घातलं. प्रत्येकाचं खरंही होतं.

मी शांताक्कांना गाठलं. "अहो, तुम्ही यांना सांगत का नाही? आतल्या ओळींना घाला म्हणावं."

त्या बादलीची कडी धरून उभ्या होत्या. तळहाताला फोड आलेले. "वैनी, पाणी घालणाऱ्याचा हात धरू? हितं नगं, तितं वत म्हणू? त्यो वाट वाकडी न करता येतोय म्हणून तर येतोय."

"मग निदान चपलेचं सोडा. अशा वेळी बूट घालून आत गेलं तर देव काय रागावणार आहे?"

त्यांनी बादली पुन्हा विहिरीत सोडली. मग संध्याकाळी, किटल्यांच्या वेळेला, त्या कुडाबाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पहिलाच आला महादू. लग्नाहून परत आल्यापासून तो कुणाशी फार बोलत नव्हता, पण किटल्या मात्र दोन्ही वेळा आणायचा.

"महादू," शांताक्का म्हणाल्या, "आत न्हेऊन वत बाबा. असू दे, बुटं घालूनच जा. म्या सांगते."

महादूनं किटली खाली ठेवली. बुटांकडे पाहिलं, कुडाकडे पाहिलं. "न्हाई अक्का, आसं कसं? पानमळ्यात बूट घालून कवा गेलोय व्हय आमी?" आणि त्यानं पाणी होतं तिथेच, कुडावरून ओतलं. बूट काढायला त्याच्याकडे वेळ नव्हता, घालून जायला मन नव्हतं. त्याच्यामागून आलेल्या प्रत्येकाचं तेच. "आवं, तुमचा मळा हाय, पाप आमाला लागंल." घागर घेऊन आलेल्या एका बाईनं मात्र चप्पल काढली आणि घागर आत नेली, तिचे पाय भाजले ते तिनं हसत दाखवले. एकीनंच.

शांताक्का रस्त्यावर उभ्या राहून हसल्या. त्यांचं ते हसणं मला आवडलं नाही. "बगा वैनी," त्या म्हणाल्या, "नेम मोडायला धनीण तयार हाय, तर गाव तयार न्हाई."

सुभेदार भाऊजींच्या कानावर हे गेलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पानमळ्याच्या फाटकापाशी खुर्ची टाकली. स्वतः अनवाणी, बाजूला दोन घागरी भरलेल्या. सत्तरी ओलांडलेला माणूस, दर थोड्या वेळानं स्वतः आत खेप घालत होता. पण तोंड गप्प बसेना. "रुको! बूट उतारो! पहिल्या चार ओळी बंद, आत जाऊन पाचवीपासून!" पहिल्या दिवशी लोकांनी ऐकलं, आणि खरोखरच आत पाणी पोचलं. मला वाटलं, आता जमलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाला अडवून विचारलं, "काल संध्याकाळी कुठं होतास?"

तो गडी थबकला. "आं? मला काय ड्यूटी लावलीया का सुभेदार?"

"ड्यूटीच आहे ही! माणुसकीची!"

"मग लावा की पगार," तो हसत म्हणाला, किटली ओतली आणि गेला. पण त्या संध्याकाळी तो ओढ्याच्या वाटेनं घरी गेला. दुसऱ्या सकाळी आणखी दोघे. कुणी रागावलं नव्हतं. नुसतं, थांबलं तर हिशेब द्यावा लागतो आणि ओढ्याच्या वाटेनं गेलं तर लागत नाही. चार दिवसांत रस्ता ओस पडला. भाऊजी खुर्चीवर बसून होते, घागरी भरलेल्या, आणि शांताक्का त्यांना म्हणत होत्या, "भावजी, तुमी घरी जावा आता. येतील ते येऊ द्यात, वततील तितं वतू द्यात." ते उठले. खुर्ची उचलताना मला म्हणाले, "वहिनी, मी काही चुकीचं सांगत होतो का?" मी म्हणाले, "नाही." तेही खरंच होतं.

खुर्ची गेली, आणि काही किटल्या परत आल्या. पहिल्याइतक्या नाही. पुन्हा कुडावरून, पुन्हा पहिल्या ओळींना.

नवी डीपी आली तेव्हा दुपार होती. ट्रॅक्टरवरून उतरवताना सगळं गाव जमलं, नारळ फुटला, कुणीतरी हळदकुंकूही लावलं. मोटारी चालल्या. शांताक्कांनी विहिरीचं पाणी सोडलं, ते सऱ्यांतून फिरलं आणि आतल्या ओळींत जाऊन नुसतं उभं राहिलं. ते प्यायला तिथे कुणी उरलं नव्हतं. पुढचे काही दिवस सून वाळलेले वेल खोडांवरून ओढून काढत होती. त्याचा कागद फाटल्यासारखा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. शेवग्याची खोडं मोकळी झाली, आणि मळ्याच्या मध्यात लख्ख ऊन पडायला लागलं.

मग गावात दोष कुणाचा याचा शोध चालला. महादूचा, न सांगता लग्नाला गेला म्हणून. ज्यानं पहिलं बटन दाबलं त्याचा, पण तो कोण? ऑटोवाल्यांचा. सुभेदारांचा. सांगताना प्रत्येकाचा आवाज चढायचा आणि मग मध्येच उतरायचा. मीही रात्ररात्र तेच करत होते. एकेका माणसाला मनापुढे उभं करायची, तपासायची, आणि सोडून द्यायची. अंधाराला भिऊन पेटी बसवणारा, मेव्हण्याच्या लग्नाला जाणारा, वीज वाया जाते म्हणून कासावीस झालेला, म्हशींसाठी घाईत असलेला, दुसऱ्याच्या मळ्यात बूट न नेणारा. यांतल्या एकालाही शिक्षा करावी असं वाटत नाही. आणि मळा मात्र गेला, आणि तोही जिच्या विहिरीवर ऑटो नव्हता तिचा. माझ्या शिकलेल्या डोक्याला हा हिशेब अजून बसलेला नाही. वाईट गोष्टीमागे एखादा वाईट माणूस सापडला की झोप लागते. इथे सापडत नाही.

या वर्षाचं विचाराल तर, ऑटोचं कुणी काही ठरवलेलं नाही. एकाच्या पेटीची वायर उंदरांनी कुरतडली, ती तशीच आहे. एकाची मोटर जळाली म्हणून वायरमनकडून त्यानं ती दोन मिनिटं उशिरा उठेल अशी करून घेतली. एकानं त्याचं बघून पाच मिनिटं. एकानं ऑटो काढून मेव्हण्याला देऊन टाकला. बाकीच्यांचे चालू आहेत. त्यामुळे मोटारी पुन्हा मागेपुढे उठताहेत, आणि डबा अजून तरी भुंग्यासारखाच घुमतोय. गाव म्हणतं, यंदा बरं चाललंय. मला तेच भय वाटतं. हे कुणी केलेलं नाही, त्यामुळे ते कुणी राखतही नाही. उद्या सगळ्यांनी मिळून आपापल्या वायरी दुरुस्त केल्या तर?

आणि यंदा भिण्यासारखं कारण आहे. पावसाळा संपताना शांताक्कांनी रस्त्याकडच्या ओळींतूनच वेलांचं बेणं काढलं आणि आतल्या मोकळ्या खोडांपाशी लावलं. नवे वेल आता कमरेएवढे झालेत. हा त्यांचा पहिला उन्हाळा, मुळं अजून वरवरची. काल मी चप्पल काढून आत गेले, तर त्या एका कोवळ्या पानाला हात लावून बघत होत्या, मऊ पडलंय की तसंच आहे.

"धरंल का हो?" मी विचारलं.

"कुणाला ठावं," त्या म्हणाल्या. "लाईट टिकली तर धरंल. चार माणसं चार टायमाला उठली तर टिकंल." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी गच्चीवरनं लय बगत बसू नगा वैनी. तुमचं बीपी वाढतं आन् हितं काय फरक पडत न्हाई."

मी बघायचं थांबवलेलं नाही. पण तुम्ही फोनवर विचारलंत तर आता काय सांगायचं ते मला ठाऊक आहे. आतल्या जुन्या ओळी गेल्या, नव्या लागतील की नाही ते आज सांगता येत नाही. रस्त्याकडच्या ओळी, जिथे लोकांनी किटल्या ओतल्या, त्या जगल्या आहेत, आणि आज सकाळी शांताक्कांनी आणि सुनेनं त्यांची पानं खुडली.

— तुमची आजी